रोग्याचें म्हणणें आणि डॉक्टरांचें ऐकणें
(नभोवाणीवरील भाषण)

दवाखान्यांत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत रोग्याच्या किती गोष्टींचें मोजमाप होतें, याचा आपण कधीं हिशेब केला आहे काय? त्याचें वजन होतें, ताप पाहिला जातो, नाडीचे ठोके मोजले जातात. रक्ताचा दाब किती, रक्तांत साखर किती, हें सारें आंकड्यांत उतरतें आणि कागदावर नोंदलें जातें. शेवटीं डॉक्टरांच्या फीचा आंकडाहि ठरलेला असतो. या सगळ्या व्यवहारांत एकच गोष्ट अशी आहे कीं, जिचें माप सहसा कोणी घेत नाहीं. रोगी जें सांगावयास आला होता, त्यांतलें किती डॉक्टरांच्या कानांवर पडलें, आणि कानांवर पडलें त्यांतलें किती त्यांच्या ध्यानांत राहिलें? ऐकणें ही गोष्ट मोजतां येते काय, कोणीं ती मोजून पाहिली आहे काय, आणि पाहिली असल्यास त्यापासून आपल्यासारख्या संसारी माणसांनीं बोध कोणता घ्यावयाचा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी डॉक्टर नाहीं. माझें आयुष्य शाळामास्तरकींत गेलें. तेव्हां या विषयावर बोलण्याचा याला अधिकार काय, असें कोणी विचारील. त्यावर माझें उत्तर असें कीं, मोजमापाचा धंदा मीं हयातभर केला आहे. मुलाला किती समजलें, हें शंभरांपैकीं अमुक अशा आंकड्यांत बसविणें हें मास्तराचें नित्याचें काम. त्या आंकड्यांत काय सांपडतें आणि काय निसटतें, याची थोडीबहुत पारख अशा माणसाला झालेली असते. शिवाय साठी उलटलेल्या माणसाला डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसण्याचे प्रसंग मुबलक येतात, हें निराळें सांगावयास नको.

प्रथम हें पाहूं कीं, ऐकण्याला एवढें महत्त्व कां द्यावयाचें? आतां यंत्रें इतकीं झालीं आहेत कीं, रोग्याच्या तोंडच्या हकीगतीचें काय काम उरलें, असें पुष्कळांस वाटतें. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील डॉक्टर हॅम्प्टन आणि त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचा छडा लावण्याचें ठरविलें. १९७५ सालीं त्यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे ८० नवे रोगी आले होते. आधींच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून व रोग्याची हकीगत ऐकून रोग कोणता वाटतो तें प्रथम लिहून ठेवावयाचें. अंग तपासल्यावर पुन्हां लिहावयाचें. आणि प्रयोगशाळेंतून निकाल आल्यावर तिसऱ्यांदा पाहावयाचें, असा त्यांचा परिपाठ होता. ८० पैकीं ६६ जणांच्या बाबतींत चिठ्ठी आणि हकीगत एवढ्यावरून केलेलें निदानच अखेरपर्यंत टिकलें. अंग तपासल्याचा उपयोग ७ जणांच्या बाबतींत झाला आणि प्रयोगशाळेचा आणखी ७ जणांच्या. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत यंत्रें फार सुधारलीं हें खरें. पण कोणतें यंत्र कोणाला लावावयाचें, हें ठरविण्यासहि अगोदर हकीगतच ऐकावी लागते.

ही गोष्ट जुन्यांनाहि ठाऊक होती. रोगी तपासण्याचीं साधनें आयुर्वेदानें दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशीं तीन सांगितलीं आहेत. आणि प्रश्न म्हटला कीं उत्तर ऐकून घेणें आलेंच. पाश्चात्य वैद्यकांत १८१६ सालीं एक मोठी घटना घडली. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत रेने लेनेक या डॉक्टरानें एका तरुण स्त्रीच्या छातीवर कागदाची सुरळी ठेवून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यांतूनच पुढें स्टेथॉस्कोप निघाला. त्या उपकरणाचे उपकार थोर आहेत. मात्र तें कानाला लावलें म्हणजे डॉक्टर आपणांस पहिली सूचना देतात ती ‘बोलूं नका’ ही. छातींतला आवाज ऐकावयाचा तर तोंड मिटलेंच पाहिजे, यांत त्यांचें चुकत नाहीं. परंतु छातीचें ऐकण्याची वेळ निराळी आणि माणसाचें ऐकण्याची वेळ निराळी. आणि ही दुसरी वेळ किती लांब असते, हें पाहण्याची बुद्धि लोकांना फार उशिरां झाली.

या कामीं लावलेलें पहिलें माप म्हणजे घड्याळ. अमेरिकेंतील बेकमन व फ्रँकेल या दोघा संशोधकांनीं दवाखान्यांतील ७४ भेटींचें ध्वनिमुद्रण केलें आणि १९८४ सालीं त्यावर निबंध लिहिला. ‘काय होतें आहे?’ असें डॉक्टरांनीं विचारलें म्हणजे रोगी बोलूं लागतो. तेथपासून डॉक्टर मध्येंच एखादा प्रश्न घालून त्याचें बोलणें वळवितात तेथपर्यंत वेळ किती जातो? तो सरासरी १८ सेकंद भरला. आपलें सुरुवातीचें म्हणणें पुरें करावयास मिळालें असे रोगी शेंकडा २३ निघाले. ज्यांचें बोलणें मध्येंच तुटलें ते पन्नासांवर होते. त्यांपैकीं तुटलेला धागा पुन्हां जोडून म्हणणें पुरें करावयास मिळालें तें अवघ्या एका रोग्याला.

पुढें १९९९ सालीं मार्व्हेल आणि त्यांचे सहकारी यांनीं २६४ भेटी तपासल्या. तेथें म्हणणें पुरें करणारे शेंकडा २८ आढळले आणि बोलणें तुटण्याची सरासरी वेळ २३ सेकंद. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आणखी एका पाहणींत ११२ भेटी होत्या. तींत तर ज्यांचें बोलणें मध्येंच तुटलें त्यांपैकीं निम्म्यांचें तें ११ सेकंदांच्या आंत तुटलें, असें दिसून आलें. हे आंकडे एकापुढें एक मांडून, पस्तीस वर्षांत डॉक्टर अधिकच बिघडले, असा निकाल देणें मात्र रास्त होणार नाहीं. दवाखाने निराळे, रोगी निराळे आणि मोजण्याची रीतहि थोडी निराळी. तिन्हींतून निःसंशय निघतें तें एवढेंच कीं, बहुतेक रोग्यांचें बोलणें अर्ध्या मिनिटाच्या आंत दुसऱ्याच्या हातांत जातें.

अठरा सेकंद म्हणजे किती, हें आपण घरच्या घड्याळावर पाहावें. आपल्याकडची एखादी आजीबाई डॉक्टरांना हकीगत सांगावयास लागते ती परवांच्या एकादशीपासून. उपास कसा होता, पारण्याला काय केलें होतें, धाकट्या सुनेनें भाजींत तिखट किती घातलें होतें, येथपर्यंत ती पोंचते न पोंचते तों अठरा सेकंद सरलेले असतात. रात्रीं छातीवर दडपण येऊन जाग आली, ही गोष्ट त्या भाजीच्या पुढें असते. डॉक्टर भाजीपाशींच तिला थांबवितात आणि पित्ताची गोळी देतात.

आतां डॉक्टर मध्येंच कां बोलतात? त्यांना रोग्याचा तिटकारा असतो असें मुळींच नाहीं. त्यांना भय वाटतें कीं, याला एकदां मोकळें सोडलें तर हा थांबावयाचाच नाहीं, आणि बाहेर तर बांकावर माणसें खोळंबलीं आहेत. हें भय किती खरें, याचीहि परीक्षा झाली. स्वित्झर्लंडांतील बाझल येथें लांगेविट्झ व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध केला. ऐकण्याचें शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीं ३३५ रोग्यांना मध्यें न अडवितां बोलूं दिलें आणि किती वेळ लागतो तो मोजला. सरासरी लागला ९२ सेकंद. शेंकडा ७८ रोग्यांचें सांगणें दोन मिनिटांच्या आंत आपोआप संपलें. पांच मिनिटांच्या वर बोलणारे निघाले केवळ ७. आणि त्यांनीं सांगितलेलेंहि महत्त्वाचें होतें, तें अडविण्याजोगें नव्हतें, असा निर्वाळा खुद्द डॉक्टरांनींच दिला. मार्व्हेल यांच्या पाहणींत तर ज्यांना म्हणणें पुरें करूं दिलें त्यांना इतरांपेक्षां सरासरीनें सहाच सेकंद अधिक लागले होते. या भयाला आंकड्यांत आधार सांपडत नाहीं.

शिवाय अडविल्यानें वेळ वांचतो हेंहि पुरतें खरें नाहीं. रोगी जें प्रथम सांगतो तेंच त्याचें मुख्य दुखणें असतें असें नाहीं. लाजेची, भीतीची गोष्ट माणूस शेवटासाठीं राखून ठेवतो. गुडघ्याचें रडगाणें होतें, औषधाची चिठ्ठी हातीं पडते, पायांत चप्पल चढते, आणि मग दारांतून मागें वळून तो म्हणतो, ‘हो, एक विचारावयाचें राहिलेंच!’ मार्व्हेल यांना असें आढळलें कीं, जेथें रोग्याच्या सगळ्या तक्रारी आरंभींच विचारून घेतल्या होत्या तेथें अशी शेवटची तक्रार शेंकडा १५ भेटींत निघाली. जेथें विचारल्या नव्हत्या तेथें शेंकडा ३५ भेटींत. म्हणजे सुरुवातीला वांचविलेला वेळ पुष्कळदां दारांत परत द्यावा लागतो.

घड्याळाचें माप हें असें उपयोगी आहे. परंतु तें अपुरें आहे, हें कोणत्याहि शिक्षकाच्या तेव्हांच ध्यानांत येईल. वर्गांत मुलें गप्प बसलीं म्हणजे तीं ऐकतच आहेत, असें अनुभवी मास्तर धरून चालत नाहीं. तसेंच डॉक्टर दोन मिनिटें गप्प बसले आणि त्या वेळांत संगणकाच्या पडद्याकडेच पाहत राहिले, तर घड्याळ त्यांना पुरे गुण देईल. उलट, एखादे डॉक्टर दहाव्या सेकंदालाच ‘दुखतें म्हणजे टोचतें कीं ठणकतें?’ असें विचारतील. तें अडविणें नव्हे. त्यांचें बोलण्याकडे लक्ष आहे याचीच ती खूण होय. घड्याळाला हा भेद कळत नाहीं.

म्हणून पुढची पायरी निघाली ती शब्द मोजण्याची. इंग्लंडांत बर्न आणि लाँग यांनीं सुमारे २,५०० भेटींचें ध्वनिमुद्रण तपासून १९७६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक डॉक्टराची बोलण्याची एक ठराविक धाटणी असते, आणि समोरचा रोगी बदलला तरी ती फारशी बदलत नाहीं, असें त्यांना दिसून आलें. अमेरिकेंत डेब्रा रोटर या विदुषीनें याहून बारीक चाळणी तयार केली. डॉक्टर व रोगी यांच्या संभाषणांतील एकेक वाक्य घ्यावयाचें आणि सुमारे चाळीस प्रकारांपैकीं तें कोणत्या प्रकारांत बसतें तें ठरवावयाचें. ‘पोटांत दुखतें का?’ हा बंद प्रश्न. त्याला हो किंवा नाहीं एवढेंच उत्तर. ‘काय काय होतें तें सांगा बरें’ हा मोकळा प्रश्न. धीर देणें हें निराळें, रोग्याचें म्हणणें आपल्या शब्दांत परत सांगून ‘असेंच ना?’ म्हणून विचारणें हें निराळें. असा जमाखर्च मांडला म्हणजे बोलण्याचा किती भाग कोणाचा आणि कशाचा, तें कळतें. ही रीत मोठी शास्त्रशुद्ध आहे, परंतु तिला वेळ आणि पैसा फार लागतो.

तिसरी रीत सोपी : रोग्यालाच विचारावयाचें. स्कॉटलंडांत स्ट्युअर्ट मर्सर व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं दहा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. डॉक्टरांनीं तुम्हांला तुमची हकीगत सांगूं दिली काय, मन लावून ऐकली काय, तुमची काळजी त्यांना पुरती समजली काय, अशा दहा प्रश्नांना प्रत्येकीं पांचपर्यंत गुण; एकंदर पन्नासांची ही परीक्षा आहे. एकाच रोग्याच्या रागालोभावरून डॉक्टराची पारख होऊं नये, म्हणून एका डॉक्टरासाठीं सुमारे पन्नास रोग्यांचीं उत्तरें हवींत, असेंहि त्यांनीं पुढें दाखविलें. अमेरिकेंतील रुग्णालयांत राहून घरीं गेलेल्या रोग्यांना, ‘डॉक्टर तुमचें बोलणें कितीदां लक्षपूर्वक ऐकत असत?’ हा प्रश्न विचारण्याची व्यवस्था २००६ पासून देशभर सुरू झाली. कधींच नाहीं, कधींकधीं, बहुधा, नेहमीं, यांपैकीं एक उत्तर द्यावयाचें. २००८ पासून हे निकाल लोकांपुढें ठेवले जाऊं लागले, आणि २०१२ पासून रुग्णालयांना सरकारकडून मिळणाऱ्या पैशाचा कांहीं अंश त्यांवर अवलंबून ठेवण्यांत आला.

पण रोग्याच्या समाधानावर तरी कितपत विसंबावें? लॉस एंजेलिस येथील मुलांच्या रुग्णालयांत बार्बरा कॉर्श या डॉक्टरबाईंनीं ८०० भेटींचा अभ्यास करून १९६८ सालीं जें लिहिलें तें या बाबतींत विचार करावयास लावणारें आहे. त्यांनीं संभाषण मुद्रित केलें आणि भेट संपल्यावर मुलांच्या आयांना वेगळें विचारलें. चारांपैकीं तीन आया डॉक्टरांवर संतुष्ट होत्या. तरीहि जवळजवळ एकचतुर्थांश आयांच्या मनांत जी सर्वांत मोठी काळजी होती, ती डॉक्टरांपुढें बोलून दाखविण्याची संधीच त्यांना मिळालेली नव्हती. आपल्याकडे तर डॉक्टरांना देवाच्या ठिकाणीं मानण्याची चाल. प्रसन्न चेहऱ्यानें पाठीवर हात ठेवला कीं आपलें समाधान होतें आणि सांगावयाचें तें पोटांतच राहतें. तेव्हां समाधान झालें यावरून ऐकलें गेलें असें सिद्ध होत नाहीं.

चौथी रीत थोडी नाटकी आहे. अमेरिकेंतील हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनीं १९६३ च्या सुमारास, निरोगी माणसाला रोग्याचें सोंग शिकवून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपुढें बसविण्याची पद्धत काढली. सोंगाड्या सुरुवातीचें एक वाक्य बोलतो. बाकीचें, विचारल्यावरच सांगतो. त्याच्याजवळ काय काय होतें हें आपणांस आधींच ठाऊक असल्यामुळें डॉक्टरांनीं त्यांतलें किती काढून घेतलें, तें नेमकें कळतें. हीच पद्धत पुढें चालू दवाखान्यांच्या पाहणीसाठींहि वापरूं लागले. मुंबई आणि पाटणा या शहरांत शिकवून तयार केलेल्या २४ जणांनीं क्षयाच्या रोग्याचीं सोंगें घेऊन खाजगी दवाखान्यांत एकंदर २,६५२ भेटी दिल्या; त्यांचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतलें एक सोंग दोन-तीन आठवड्यांच्या खोकल्याचें व तापाचें होतें. सर्व भेटी मिळून योग्य ती पुढची पाऊलवाट रोग्याला दाखविली गेली ती शेंकडा ३५ भेटींत. हा निकाल केवळ ऐकण्याचा नव्हे. त्यांत ज्ञानाचा, संवयीचा आणि धंद्याच्या ओढाताणीचाहि भाग आहे. तरीपण खोकला किती दिवसांचा, हें विचारून त्याचें उत्तर ध्यानांत घेणें येथूनच क्षयाच्या निदानाला आरंभ होतो. आणि क्षयासारख्या रोगांत हुकलेला प्रश्न एका माणसापुरता राहत नाहीं, तो घरांतल्या सर्वांना भोंवतो.

या चार रीतींनंतर मला जी सर्वांत मोलाची वाटते ती पांचवी सांगतों. ती अगदीं साधी आहे. भेट संपली म्हणजे रोग्याला एका बाजूस आणि डॉक्टरांना दुसऱ्या बाजूस तोच प्रश्न विचारावयाचा : ‘आज मुख्य दुखणें कोणतें होतें?’ दोघांचीं उत्तरें जुळलीं तर ऐकणें झालें. न जुळलीं तर, कितीहि सेकंद गेले असोत आणि कितीहि गोड बोलणें झालें असो, ऐकणें झालें नाहीं. अमेरिकेंत बार्बरा स्टारफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं याच धर्तीवर पाहणी केली. दुखणें कोणतें याविषयीं डॉक्टर व रोगी यांचें एकमत होतें तेथें, रोग्यांच्या सांगण्याप्रमाणें, गुणहि अधिक आला होता. कॅनडांतील पश्चिम ऑन्टॅरिओच्या विद्यापीठांत डोकेदुखीच्या रोग्यांची वर्षभर पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९८६ सालीं बाहेर आला. वर्षानंतर ज्यांची डोकेदुखी गेली होती, त्यांच्या बाबतींत एक गोष्ट विशेषेंकरून आढळली : पहिल्याच भेटींत आपलें दुखणें पुरतें सांगावयास मिळालें, असें त्यांना वाटलें होतें. ऐकण्यानेंच रोग बरा होतो असें मी म्हणत नाहीं, आणि त्या संशोधकांनींहि तसें म्हटलेलें नाहीं. परंतु ऐकणें हा केवळ शिष्टाचार नसून तो चिकित्सेचाच भाग आहे, एवढें यावरून मानावयास हरकत नाहीं.

आतां डॉक्टरांची बाजूहि मांडली पाहिजे; नाहीं तर हा सगळा खटला एकतर्फी होईल. २०१७ सालीं ६७ देशांतील आंकडे एकत्र करून असें दाखविण्यांत आलें कीं, डॉक्टरांशीं होणारी भेट स्वीडनमध्यें सरासरी साडेबावीस मिनिटांची असते, तर बांगला देशांत ती ४८ सेकंदांची. जगांतील सुमारे निम्मी वस्ती अशा देशांत राहते कीं, जेथें ही भेट पांच मिनिटें किंवा त्याहूनहि थोडी असते. आपल्या सरकारी रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाची सकाळची रांग ज्यांनीं पाहिली आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. ज्या डॉक्टरानें एका सकाळींत शंभर माणसें पाहावयाचीं, त्याला घड्याळ लावून ‘तूं ऐकत नाहींस’ म्हणणें, हें ऐंशीं मुलांच्या वर्गावरील मास्तराला ‘तुझें प्रत्येक मुलाकडे लक्ष नाहीं’ म्हणण्यासारखें आहे. बोलणें खरें असेल. पण दोष एकट्याचा नव्हे. अशा ठिकाणीं मोजावयाचेंच असेल, तर डॉक्टराचा कान मोजण्याआधीं त्याच्या दारांतली रांग मोजावी, आणि ती ज्यांच्या हातांत आहे त्यांच्यापुढें तो आंकडा ठेवावा.

दुसरी सावधगिरी मोजणाऱ्यांनीं बाळगावयाची आहे. गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं मांडलेला विचार पुढें त्याच्याच नांवानें नियम म्हणून प्रसिद्धि पावला. त्याचा मतलब असा कीं, एखादें माप हेंच साध्य होऊन बसलें कीं तें माप म्हणून निकामी होतें. आम्हां शिक्षकांना हा नियम सांगावा लागत नाहीं. परीक्षा होती ज्ञान मोजण्यासाठीं. पुढें ज्ञान मागें राहिलें आणि अपेक्षित प्रश्नांच्या चोपड्या पाठ होऊं लागल्या. उद्यां डॉक्टरांच्या ऐकण्याला असेच गुण आणि पगार चिकटविले, तर दोन मिनिटें मान डोलविण्याची कला तेवढी वाढेल. माप शिकण्यासाठीं वापरावें. एखाद्या डॉक्टरानें रोग्याच्या संमतीनें आपल्याच पांच-दहा भेटी मुद्रित करून संध्याकाळीं निवांत ऐकल्या, तर त्याला जें कळेल तें कोणत्याहि गुणपत्रिकेंतून कळणार नाहीं. आपल्या देशांत २०१९ पासून वैद्यकीच्या पदवीच्या अभ्यासक्रमांत रोग्याशीं वागण्या-बोलण्याचें शिक्षण रीतसर घातलें गेलें, ही गोष्ट समाधानाची आहे. ऐकणें हा स्वभावगुण आहे, तो असतो किंवा नसतो, अशी समजूत आजवर होती. बाझलच्या डॉक्टरांनीं तर तें शिकून घेतलें होतें.

शेवटीं आपल्या घराकडे वळूं. ऐकण्याचा सगळा भार डॉक्टरांवर टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. कित्येक घरांत दुखणें एकाचें असतें आणि सांगणारा दुसराच असतो. सून आजारी असली तर सासूबाई हकीगत सांगतात. आजोबा आजारी असले तर मुलगा सांगतो. पत्नी खुर्चीवर बसलेली आणि बोलणारे यजमान. डॉक्टरांनीं मन लावून ऐकलें तरी ऐकलें तें यजमानांचें. ‘तिला कांहीं विशेष नाहीं, थोडा अशक्तपणा आहे,’ या एका वाक्याखालीं किती दुखणीं दडपलीं जातात, हें घरोघरच्या बायकांना विचारावें. बरोबर जावें, धीर द्यावा, विसरलेलें आठवून द्यावें. परंतु ज्याचें दुखणें त्याला आधीं बोलूं द्यावें. आणि सुनेला डॉक्टरबाईंशीं एकटीनें दोन शब्द बोलावयाचे असतील तर सासूबाईंनीं आपण होऊन बाहेरच्या बांकावर बसावें. त्यांत त्यांचा मान कमी होत नाहीं.

दुसरें असें कीं, आपली भाषा या बाबतींत श्रीमंत आहे. ती मोकळेपणीं वापरावी. मराठी माणसाचें नुसतें दुखत नाहीं. कळ येते, चमक मारते, ठणका लागतो, मुरडा येतो, आग होते, शिणक भरते, अंग मोडून येतें, हातापायांना मुंग्या येतात, जीव घाबराघुबरा होतो. यांतील प्रत्येक शब्द निराळी हकीगत सांगतो. डॉक्टरांचें शिक्षण इंग्रजींतून झालेलें असतें म्हणून पुष्कळ शिकलेले लोक त्यांच्यापुढें अर्धेंमुर्धें इंग्रजी बोलूं लागतात आणि ‘पेन आहे’ एवढें सांगून थांबतात. ठणका आणि चमक यांतला भेद त्या एका शब्दांत बुडून जातो. आपल्या घरांत ज्या शब्दानें आपण कण्हतों तोच शब्द डॉक्टरांना सांगावा. त्याचा अर्थ लावणें हें त्यांचें काम, आणि तो न समजल्यास विचारणें हेंहि त्यांचेंच.

तिसरी आणि शेवटची गोष्ट. दवाखान्यांत जाण्यापूर्वीं आपली मुख्य तक्रार एका चिटोऱ्यावर लिहून न्यावी आणि ती पहिल्यानें सांगावी. एकादशीची हकीगत मागाहून. निघतांना डॉक्टरांना नम्रपणें म्हणावें, ‘माझें दुखणें आपल्याला काय समजलें, तें मला एकदां सांगतां का?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाहीं. त्यांनीं सांगितलेलें आपल्या चिटोऱ्याशीं जुळलें, तर आपलें म्हणणें ऐकलें गेलें असें खुशाल समजावें. न जुळलें, तर उठण्यापूर्वींच तें कळलेलें बरें. सेकंद मोजण्याचें घड्याळ, चाळीस प्रकारांची चाळणी आणि पन्नास गुणांची परीक्षा संशोधकांजवळ असूं द्या. हें एवढें माप मात्र कोणालाहि खिशांतून नेतां येण्याजोगें आहे.

श्रोतेहो, आपण माझें म्हणणें मध्यें न अडवितां शेवटपर्यंत ऐकून घेतलें. नभोवाणीपुढें अडविण्याची सोयच नसते, हें मी जाणून आहे.